आधी स्वतःचे माप लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रसदरात गेल्या काही आठवड्यांत तरुणांच्या आळसाविषयी, मोबाइलविषयी आणि त्यांना कष्टाची लाज वाटते याविषयी बरीच पत्रे आली. ती लिहिणारे बहुतेक माझ्याच पिढीचे, निवृत्तिवेतन सुरू झालेले लोक असावेत, असे त्यांच्या सुरावरून वाटते. त्यांची तक्रार सगळीच खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. परंतु पश्चिम महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये जोडारी, म्हणजे ज्याला सगळे फिटर म्हणतात, त्या व्यवसायाचा शिल्प निदेशक, म्हणजे हातकाम शिकवणारा शिक्षक, म्हणून अठ्ठावीस वर्षे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांबरोबर काढल्यानंतर माझे मत थोडे निराळे झाले आहे. जबाबदारीची जाणीव कोणी जन्मतः घेऊन येत नाही. ती शिकावी लागते, आणि उपदेश ऐकून ती शिकलेला मुलगा माझ्या पाहण्यात नाही. आपले काम आपणच मोजायचे आणि जे माप येईल ते खरे लिहायचे, ही सवय लागली की ती हळूहळू येते. ही सवय मोडण्याचे काम मात्र तरुणांपेक्षा आपण मोठी माणसेच जास्त करतो, आणि त्यात मीही होतो, म्हणून हे पत्र.

फिटरच्या वर्गात दहावी झालेला मुलगा येतो तेव्हा मोठमोठी यंत्रे चालवायला मिळतील या आशेने येतो. पहिले कित्येक आठवडे त्याच्या हाती असते ती कानस. शिकंज्यात पोलादाचा तुकडा धरायचा आणि तो सपाट व काटकोनात घासायचा, एवढेच काम. बघणाऱ्याला ही हमाली वाटते. प्रत्यक्षात कानस पुढे ढकलताना दोन्ही हातांचा दाब सतत बदलत न्यावा लागतो. सुरुवातीला डाव्या हाताचा जास्त, मध्यावर दोन्हींचा सारखा, शेवटाला उजव्याचा जास्त, आणि मागे घेताना अजिबात दाब द्यायचा नाही. हे जमले नाही की कानस झोपाळ्यासारखी हलते, तुकड्याच्या कडा खाली जातात आणि मध्ये फुगवटा राहतो. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कार्यशाळेत, घडवायच्या तुकड्याला जॉब म्हणतात, आणि या फुगवट्याला ‘जॉबला पोट आलं’ म्हणत. मुलगा आठवडाभर घाम गाळतो, तळहाताला फोड येतात, आणि मग काटकोन तपासायचा गुण्या लावून तुकडा खिडकीच्या उजेडात धरला की पात्याखालून प्रकाशाची बारीक रेघ दिसते. त्या मुलाचा बाप कोण, तो पहाटे किती वाजता उठून एसटीने आला आणि त्याने किती तास घासले, याच्याशी त्या रेघेला काही देणेघेणे नसते. कष्ट करणे आणि काम होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तिथे पहिल्यांदा कळते. ‘सर, मी लई मेहनत घेतली’ हे वाक्य अक्षरशः खरे असूनही जॉब बाद असू शकतो. आपल्याकडे कष्टाचे कौतुक इतके आहे की कष्टातून काय निघाले हे मोजण्याची कोणाला आठवण राहत नाही. आपल्या सदरातील पत्रांतही ‘आम्ही किती राबलो’ याची वर्णने भरपूर आहेत, त्या राबण्यातून काय उभे राहिले याचे फारसे नाही.

सुरुवातीची काही वर्षे मीही इतरांसारखेच करत असे. मुले जॉब घेऊन रांगेत उभी राहत, मी व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घेण्याचे साधन, लावी, माप लिही आणि गुण देई. त्यात एक गोष्ट ध्यानात आली. चूक सापडली की मुलगा माझ्या तोंडाकडे पाही, जॉबकडे पाहत नसे. चूक आपल्या तुकड्यात नाही, सरांच्या शेऱ्यात आहे, असेच जणू त्याला वाटे, आणि मग रदबदली सुरू होई: ‘सर, एवढं चालतंय की.’ म्हणून मी एक वही केली. प्रत्येक जॉबपुढे दोन रकाने आखले. पहिल्या रकान्यात मुलाने स्वतः मोजून माप लिहायचे आणि सही करायची. त्यानंतर मी मोजून दुसऱ्या रकान्यात लिहायचे. परीक्षेचे गुण मापाला होते आणि ते नियमाप्रमाणेच द्यावे लागत, पण शॉपमधली शाबासकी मी त्या दोन आकड्यांतल्या अंतरावर देऊ लागलो. ५० मिमीचा तुकडा ४९.६० भरला आणि मुलाने तेच लिहिले, तर त्याला नवा तुकडा मिळे आणि खिडकीलगतचा चांगला शिकंजा मिळे. जॉब मापात असूनही पहिल्या रकान्यात अंदाजपंचे लिहिणाऱ्याला मी पुन्हा मोजायला बसवी.

पहिल्या महिन्यातला तो पहिला रकाना पाहण्यासारखा होता. जवळजवळ सगळ्यांचे माप ५०.०० मिमी! ज्यांना व्हर्निअर अजून वाचताही येत नव्हता त्यांचेसुद्धा. आणि दशांशचिन्हानंतरची ती दोन शून्ये मोठ्या भक्तिभावाने काढलेली. मला राग आला नाही, कारण शाळेतल्या प्रयोगवहीत त्यांनी हेच केले होते. उत्तर पुस्तकात असते, ते आधी लिहायचे आणि त्याला जुळतील अशी निरीक्षणे मागाहून भरायची, हे आपल्या राज्यात कोणी कोणाला मुद्दाम शिकवत नाही, पण सगळ्यांना येते. आमच्या व्हर्निअरचे लघुतम माप ०.०२ मिमी होते, त्यामुळे शेवटचा आकडा विषम लिहिणाऱ्या मुलाने मोजलेलेच नाही, हे मला जॉब हातात न घेताही कळे. ही युक्ती मी बरेच दिवस कोणाला सांगितली नाही. एका मुलाने ती स्वतःच ओळखली, आणि त्या दिवसापासून त्याला व्हर्निअर वाचता येऊ लागला होता हे मी वेगळे सांगायला नको. हळूहळू पहिल्या रकान्यातले आकडे बिघडू लागले, म्हणजेच सुधारू लागले. ४९.८२, ५०.३४, ४९.५६. दिवाळीच्या सुट्टीनंतर तर काही मुले माझ्यापर्यंत येण्याआधीच ‘थांबा सर, अजून एक बाजू राहिलीय’ म्हणून रांगेतून मागे फिरू लागली. ही तीच मुले होती ज्यांना त्यांच्या घरी आणि गावात ‘याला कशाची फिकीर नाही’ असे म्हटले जात होते.

आता उपदेशाकडे वळतो. एके वर्षी संस्थेत व्यक्तिमत्त्व विकासाचे व्याख्यान ठेवले होते. वक्त्यांचे नाव मी लिहीत नाही; माणूस बोलायला फर्डा होता. परिस्थितीला दोष देऊ नका, मानसिकता बदला, आज तुम्ही जिथे आहात त्याला तुम्ही आणि तुम्हीच जबाबदार आहात, असे त्यांनी दीड तास सांगितले आणि मुलांनी टाळ्याही वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेला एक मुलगा माझ्याकडे न बघता पुटपुटला, ‘मग ड्रिल मशीन कधी चालू होणार, सर?’ आमच्या शॉपमधले एक ड्रिल मशीन सात महिने बंद होते आणि दुसऱ्या एकट्या मशीनवर मुलांच्या दोन्ही तुकड्यांचे काम चालले होते. मला तो टोमणा फार लागला, आणि तो वक्त्यांपेक्षा मला जास्त लागू होता. दुरुस्तीचे मागणीपत्र मी पहिल्या आठवड्यातच पाठवले होते आणि ‘वर पाठवलंय’ म्हणून मोकळा झालो होतो. मुलांना स्वतःचे माप लिहायला लावणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या रकान्यात काय होते? एक पत्र, सात महिने. त्यानंतर मी दर सोमवारी स्मरणपत्र देऊ लागलो, सहाव्या सोमवारनंतर कारागीर आला, आणि बिघाड निघाला तो एका बेअरिंगचा.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण तरुणांच्या तोंडावर फार सढळपणे फेकतो. ती चुकीची नाही, पण अंगण कधी कधी खरोखरच वाकडे असते. शिकंज्याचा जबडा झिजलेला असेल तर जॉब सरकणारच, कानशीचे दात बोथट झाले असतील तर दुप्पट घासावे लागणारच, आणि निदेशकाचे पद रिकामे असेल तर मुलगा कितीही गुणी असला तरी त्याच्या हाताला वळण लावणारे कोणी नसते. आपली चूक कुठली आणि अंगणाची कुठली हे सांगण्याचे साधन दोन्हीकडे एकच आहे; ते म्हणजे माप. ज्याने आपला तुकडा प्रामाणिकपणे मोजला आहे त्यालाच ‘शिकंजा ढिला आहे’ असे म्हणण्याचा अधिकार येतो, आणि तो असे म्हणाला की त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. सगळा दोष परिस्थितीला देणारा मुलगा आणि सगळा दोष मुलाला देणारा वक्ता, दोघेही न मोजताच ५०.०० लिहीत असतात, असे मला वाटते.

माझ्या हातून झालेली याहून मोठी चूक सांगतो. एका वर्षी एका मुलाचे वडील परीक्षेच्या महिनाभर आधी वारले. मुलगा शांत, अबोल. घरी आई आणि धाकटी बहीण. सरावाच्या शेवटच्या जॉबमध्ये एका तुकड्याच्या खाचेत दुसरा तुकडा बसवायचा असतो, दोन्हींमध्ये फट राहता कामा नये, आणि मर्यादा मिलिमीटरच्या शतांशांत मोजली जाते. त्याच्या जॉबमध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट होती. त्याने पहिल्या रकान्यात ती खरी लिहिलीही होती. मी त्याच्याकडे पाहिले आणि म्हणालो, ‘असू दे, चालेल,’ आणि दुसऱ्या रकान्यात त्याला सांभाळून घेणारा आकडा लिहिला. अठ्ठावीस वर्षांत खोटा आकडा मी एकदाच लिहिला, आणि तोही खरे माप लिहिणाऱ्या मुलापुढे. दयेपोटी लिहिला हे खरे, पण त्यात दया किती आणि त्याला पुन्हा बसवून शिकवण्याचा कंटाळा किती, याची विभागणी मला आजही नीट करता येत नाही.

पुढे शिकाऊ उमेदवारीसाठी तो एका कारखान्यात गेला, तेव्हा तिथल्या फोरमनने त्याच्यापुढे कानस आणि तुकडा ठेवला. तो नापास झाला. परत आला तो तक्रार करायला नाही. ‘सर, रविवारी शॉप उघडाल का?’ एवढेच त्याने विचारले. प्राचार्यांची परवानगी काढून मी चार रविवार शॉप उघडले. पहिल्या रविवारी त्याने फक्त सपाट घासले. कानशीवर खडू फिरवून, म्हणजे धातूचा कीस दातांत अडकत नाही, निळा रंग लावलेल्या समतल पाटावर तुकडा घासायचा, उंचवट्यांवर उमटलेले निळे डाग बघायचे आणि तेवढेच डाग काढायचे. चौथ्या रविवारी फट गेली. त्या कारखान्यातली जागा तोपर्यंत भरली होती. शेवट गोड व्हावा म्हणून ती त्याला मिळाली असे मी लिहिणार नाही. तो एका फॅब्रिकेशनच्या दुकानात लागला आणि काही वर्षांनी त्याने तालुक्याच्या गावी स्वतःचे दुकान टाकले.

गेल्या वर्षी आमच्या घराचे फाटक त्याच्याकडूनच करून घेतले. चौकट जुळवल्यावर त्याने आधी फक्त टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते टाके, मारले, मग टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही सारखे भरले तरच चौकट काटकोनात असते, आणि पूर्ण वेल्डिंगच्या उष्णतेने ती ओढली जाते म्हणून मध्ये मध्ये पुन्हा मोजावे लागते. प्रत्येक वेळी त्याने आकडा खडूने पाइपावरच लिहिला. पावसाळ्यानंतर फाटक खाली घासू लागले. मी फोन केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. त्याने एकदाही ‘माझं काम बरोबर होतं’ म्हटले नाही. आधी कर्ण मोजले. ते बरोबर होते. बिजागऱ्या पाहिल्या, त्या ठीक होत्या. मग ओळंबा सोडला आणि मला दाखवला: खांब रस्त्याच्या बाजूला कलला होता, कारण पाया भरताना गवंड्याने खाली मऊ माती तशीच ठेवली होती. अंगण वाकडे होते, आणि ते त्याने ओळंब्याने सिद्ध केले. त्या फेरीचे पैसे त्याने घेतले, आणि ते घ्यायलाच हवे होते. त्याचा दर गावातल्या इतरांपेक्षा जास्त आहे, अशी कुरकूर मी स्वतः ऐकली आहे. कुरकूर करणाऱ्यांची फाटकेही मी पाहिली आहेत.

मी कराडचा. आमच्या जवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद, आणि ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज प्रत्येक भाषणात असतात. तरुणांनी कोणाकडे काही मागू नये, असा त्यांचा सोयीस्कर अर्थ अलीकडे लावला जातो, तो ऐकून मला अस्वस्थ वाटते. भाऊराव स्वतः काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकत फिरले होते, कामाचे मोल त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पण त्यांनी मुलांना ‘राबा आणि शिका’ असे सांगून वाऱ्यावर सोडले नाही. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले, त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली, आणि ते चालवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. आधी छप्पर आणि भाकरी, मग हातात कुदळ, असा तो क्रम होता. मुलांकडून काम घेण्याचा अधिकार त्यांनी असा कमावलेला होता.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांवरही आपल्या सदरात बरेच तोंडसुख घेतले गेले आहे. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये दिवसाचे दहा-दहा तास बसणारी मुले आळशी आहेत असे म्हणणाऱ्याने तिथे एक दिवस बसून पाहावे. अर्ज लाखांनी आणि जागा शेकड्यांनी असतात, त्यामुळे चांगली तयारी झालेल्यांपैकीही बहुतेक बाहेर राहणार, हे अंकगणित आहे. त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही. माझी हरकत निराळी आहे. तिथे आपले काम मोजले जाते ते वर्षातून एकदा, तेही दुसऱ्याकडून, आणि निकालात ‘नाही’ एवढेच कळते. पाच-सहा वर्षे असा एकच रकाना भरत राहिलेल्या मुलाला आपण कशात चांगले आहोत हे सांगता येत नाही, आणि त्याचे खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडणे मला पटत नाही. घरच्यांनी निदान दरवर्षी त्याच्याशेजारी बसून हिशेब मांडावा. ‘आणखी एक प्रयत्न कर’ असे म्हणणे सोपे असते, कारण ते म्हणणाऱ्याला काही मोजावे लागत नाही.

सरकारने काय करावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. १९५० साली शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा झाला, तेव्हा चौकट बरीच जुनी आणि बरी आहे. पण शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलेल्या मुलाला वर्षभर माल उचलायला आणि चहा आणायला लावणारा कारखाना, आणि वर्ष संपल्यावर त्याच्या प्रमाणपत्रावर सही करणारा अधिकारी, हे माझ्या त्या ‘असू दे, चालेल’चीच मोठी आवृत्ती आहेत. आपण सामान्य गिऱ्हाईक तरी काय वेगळे करतो? नळ गळतो आहे हे दिसत असताना प्लंबरला पैसे देऊन वाटेला लावतो, पुन्हा त्याला बोलावत नाही, आणि चार लोकांत ‘हल्ली कामाची माणसेच मिळत नाहीत’ म्हणतो. त्या प्लंबरला आपल्या कामाचे माप कळणार कसे? त्याला तिथेच थांबवून, नीट शब्दांत, अरे-तुरे न करता, ‘इथून पाणी येतंय, पुन्हा बघता का?’ असे विचारायला पाच मिनिटे लागतात आणि थोडा संकोच बाजूला ठेवावा लागतो.

माझी विनंती आपल्या सदराच्या पत्रलेखकांना, म्हणजे माझ्या समवयस्कांना आहे. तरुणांविषयीचे पुढचे पत्र लिहिण्याआधी त्यांनी आपापल्या नोकरीतले एक राहून गेलेले काम, त्याला लागलेला वेळ आणि त्यातला स्वतःचा वाटा असे तीन आकडे लिहून पाठवावेत, आणि आपण ते नावाशिवाय छापावेत. माझे वर दिलेच आहे: एक पत्र, सात महिने; शिवाय ‘असू दे, चालेल’ म्हणून लिहिलेला एक खोटा आकडा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
कराड, जि. सातारा